पडले मी, बोलले ते

मोबाइल नव्हते त्या दिवसांत मी शिरूरहून कोल्हापूरला एकटीच सायकलवर निघाले होते. पाटसजवळ उसाच्या ट्रॅक्टरनं मला रस्त्याखाली पाडलं. कोपर सोललं, चाक वाकलं. रस्त्याकडेच्या दुकानात एक म्हातारे सायकलमिस्त्री माझी हकिगत ऐकत, चाकाची एकेक तार बोटानं छेडून ताणत होते. तेवढ्यात तोच ट्रॅक्टरवाला शेजारच्या टपरीवर चहाला थांबला.

"बाईमाणसानं एकटं कशाला हिंडायचं?" तो मलाच म्हणाला.

मिस्त्री ताडकन उठले. "तू बी एकटाच हायेस की! तुला इचारलं का कुणी?"

तो चहा टाकून गेला. मग मिस्त्री माझ्यावर उखडले, "पडलीस तू, आन् बोलतोय मी. तुझं तोंड कुठं गेलं व्हतं?"

बारामतीपर्यंत मी त्या ट्रॅक्टरवाल्याला मोठमोठ्यानं शिव्या देत गेले. ऐकायला रस्त्यावर कुणीच नव्हतं.