बिस्किटचा लंगोट

सानगडीत आज जी माणसं पन्नाशीच्या आत आहेत, त्यातल्या निम्म्यांना पार्वताबाई खोब्रागडेने उघडं पाहिलं आहे. किराणा दुकानदाराला पाहिलं आहे, माजी सरपंचाला पाहिलं आहे. त्यांच्याशी बोलताना तिच्या डोळ्यांत जुनी माहिती तरळते, म्हणून ती माणसं तिच्याजवळ फार वेळ थांबत नाहीत.

चाळीस वर्षं ती बाळांचं आंग धुवायला घरोघर गेली. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, नडग्यांवर बाळ पालथं घालायचं. आधी तेल, मग बेसन, मग कढत पाणी. त्यानंतर वावडिंग-ओव्याची धुरी, पावडर, आणि शेवटी जुन्या लुगड्याचा मऊ लंगोट. बाळ रडून रडून लालबुंद व्हायचं आणि एकाएकी झोपून जायचं. त्या झोपेकडे पाहत ती हात पुसायची.

"माह्या हाताखालच्या एकाही लेकराचं ढुंगण लाल नाही झालं," असं ती सांगायची. हे खरंही होतं.

मग बाळंतपणं दवाखान्यात गेली. तिथून बाया कागद घेऊन परत येऊ लागल्या. धुरी देऊ नका, कानात तेल घालू नका. पाच-सहा वर्षांत तिला बोलावणं येईनासं झालं. हात मात्र शिल्लक होते. थंडी वाजल्यासारखे ती ते पदरात गुंडाळून बसायची.

आता तिची सून दीपमाला सात महिन्यांची गरोदर होती. दीपमालाला आई नव्हती, त्यामुळे बाळंतपणाला माहेर नव्हतं. पार्वताबाईचा मुलगा अश्वजित वरठीच्या स्टील कारखान्यात होता, दोघं तिथेच दोन खोल्यांत राहत. सगळं जुळून आलं होतं. अडचण एवढीच, की दीपमाला नर्स होती, आणि तीही नवजात बाळांच्या वॉर्डात.

"बाळाचं मी पाहीन, आई," ती दिवाळीतच म्हणाली होती. आणि जानेवारीत अश्वजितने फोनवर सांगून टाकलं, "माय, आंग धुवायले एक आयाबाई पाहून रायलो. दीपमालाच्या वळखीची हाये. शिकलेली."

"शिकलेली म्हंजे? लेकरू का पुस्तक हाये का?" पार्वताबाई म्हणाली. पण तिने फोन ठेवला तेव्हा तिचा चेहरा पाहून नवरा चिंधू चहा मागायचा राहिला.

त्याच आठवड्यात बिस्किट आलं.

बिस्किट म्हणजे दीपमालाचा गिनीपिग. वीतभर लांब, पांढरा-तपकिरी, शेपूट नाही, मान नाही. बाळासाठी वरठीच्या खोलीला रंग द्यायचा होता आणि रंगाचा वास त्याला सोसत नाही म्हणून महिनाभर तो सानगडीला ठेवायचा ठरला. अश्वजितने पिंजरा ओसरीत ठेवला. दीपमालाने सांगितलं, "खालचं रोज बदला, आई. ओलं राहू देऊ नका. बाकी त्याचं तो पाहते."

चिंधूने वाकून पाहिलं. आयुष्यभर त्याने लोकांचे बैल सांभाळले होते.

"ससा हाये का उंदीर हाये गा?"

"दोनीयी नाही, बाबा."

"मंग कायले हाये?"

अश्वजित पिंजऱ्याची कडी लावू लागला.

ती दोघं गेली. पार्वताबाई पिंजऱ्यासमोर बसून राहिली. आत एक लहान, ऊबदार, बोलता न येणारा जीव होता, आणि तो सुनेचा होता. कोणीही परीक्षा हा शब्द उच्चारला नव्हता. तिने तो स्वतःच ऐकला. हा जर तिच्या हाताखाली गुटगुटीत झाला, तर आयाबाईचं काय काम?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पाट मांडला.

"काय करून रायली वं?" चिंधूने विचारलं.

"आंग धुवून देतो त्याचं."

"अवं, जनावर हाये ते!"

"लेकरू बी पयले जनावरच राहाते."

नडग्यांवर बिस्किट पालथं घातलं. खोबरेल तेल चोळलं, बेसन लावलं, पाणी घातलं. त्याने अशी किंकाळी फोडली की शेजारची लीलाबाई भिंतीवरून डोकावली. "कोनाचं लेकरू वं पार्वताबाई?" पार्वताबाईने मान वर न करता सांगितलं, "सुनेचं." हे उत्तर दुपारपर्यंत अर्ध्या गावात पोचलं आणि सातव्या महिन्यात कसं काय, यावर संध्याकाळपर्यंत चर्चा चालली.

धुरी दिली. बिस्किट शिंकलं. पावडर लावली. पुन्हा शिंकलं. मग निपचित पडून राहिलं, आणि ती गाढ झोप आहे अशी पार्वताबाईची खात्री पटली. तिने त्याला मांडीवर घेतलं. तिथे त्याने मुतून दिलं. तेव्हा तिने पेटी उघडली, जुन्या लुगड्याचा एक तुकडा फाडला आणि लंगोट बांधला.

चिंधू वाकून लंगोट पाहू लागला. "चाळीस बैल पाह्यले मी," तो म्हणाला. "एकालेयी लंगोट नव्हता."

"म्हनूनच गोठ्यात वास येत होता."

"ओलं राहिलं का खुरं सडते, आंग सडते. जनावराले खाली धानाचं कोरडं तनस पायजे, बाकी काई नाही."

"तुमाले लेकराचं काय समजते? अश्वजितले कधी उचललं तरी का?"

चिंधू उठून अंगणात गेला. त्याने खरोखर उचललं नव्हतं.

पंधरा दिवस असे गेले. रोज तेल, रोज पाणी, रोज लंगोट. अश्वजितचा व्हिडिओ कॉल यायचा तेव्हा पार्वताबाई बिस्किटचं तोंड तेवढं मोबाइलसमोर धरायची.

"पूर्ण दाखव ना, माय."

"लाजते तो."

सोळाव्या दिवशी त्याने संभार, म्हणजे कोथिंबीर, खाल्ला नाही. संभाराची काडी दिसली की शिट्टी वाजवणारा प्राणी कोपऱ्यात तोंड करून बसला. पार्वताबाईने लंगोट सोडला. मागचे केस चिकटून त्यांच्या गाठी झाल्या होत्या. खालची कातडी लाल, ओली, जागोजागी सोललेली. मांड्यांच्या आतून पोटापर्यंत सगळी आग.

चाळीस वर्षांत जे दिसलं नव्हतं, ते तिच्या मांडीवर होतं.

चिंधू आला, त्याने पाहिलं. त्याने फक्त टोपली आणून दिली.

ती टोपली जुनी होती. तेल, बेसन, कपडे भरून ती हीच टोपली घेऊन घरोघर जायची. आता तिच्यात बिस्किट होतं, वरून फडकं. चिंधूबरोबर काळी-पिवळी जीपमध्ये बसल्यावर समोरच्या बाईने विचारलं, "कोनाची सुटली जी? पोरगा का पोरगी?" पार्वताबाई म्हणाली, "कोनाचीच नाही." तेवढ्यात टोपलीतून बारीक रडणं आलं. जीपमधली माणसं एकमेकांकडे पाहू लागली. जनावरांच्या दवाखान्यापर्यंत तिच्याशी कोणी बोललं नाही, आणि तिथे उतरल्यावर तर सगळ्यांनी वळून पाहिलं.

जनावरांचे डॉक्टर जागेश्वर तरुण होते. रांगेत दोन म्हशी होत्या, एक बकरी होती. त्यांनी फडकं काढलं आणि जरा हरखलेच. गिनीपिग त्यांनी शिकताना पाहिला होता, त्यानंतर आज. नागपूरच्या एका मित्राला फोन लावून त्यांनी सगळं विचारून घेतलं. मग पोट दाबून पाहिलं, मुतखडा नाही ना याची खात्री केली, आणि शेपटीच्या जागेजवळ अडकलेला लुगड्याचा धागा चिमट्याने वर धरला.

"हे काय आहे?"

पार्वताबाई भिंतीवरचा म्हशीच्या पोटाचा तक्ता वाचू लागली.

"लंगोट होय जी," चिंधू म्हणाला. "आमच्या घरी चाळीस वर्साचा अनुभव हाये."

डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. "मावशी, लघवीनं भाजलंय याला. ओलं कापड दिवसभर कातडीला लागून राहिलं. त्यावर तेल, पावडर. वर रोजचं पाणी, म्हणजे केस कधी वाळलेच नाहीत."

"लेकराले तर काई नाही होत."

"लेकराचे लंगोट तुम्ही दिवसातून किती वेळा बदलत होत्या?"

तिने मनाशी आठवून पाहिलं. तिने कधीच बदलले नव्हते. ती आंग धुवून, लंगोट बांधून पुढच्या घरी जायची. दिवसभर ते बदलत असायच्या त्या आया. ज्यांचं नाव तिने तिच्या यशात कधी घेतलं नव्हतं.

डॉक्टरांनी गाठी कापल्या. कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने टिपून टिपून साफ केलं, कोरडं केलं, पातळ मलम लावलं आणि तसंच करायला सांगितलं. खाली कागद, वर कोरडं मऊ तणस, दिवसातून तीनदा बदलायचं. पेरू, संभार. "आणि मलम लावलं की दहा मिनिटं मांडीवर धरा. नाहीतर चाटून टाकतो."

"धरून काय करू?"

"काही नाही."

"चोळू नोको?"

"नाही."

"थोपटू बी नोको?"

"मावशी, नुसतं धरा."

घरी आल्यावर चिंधूने चांगलं वाळलेलं तणस निवडलं, हाताने चुरून मऊ केलं आणि पिंजऱ्यात अंथरलं. हे करताना त्याच्या तोंडावर जो आनंद होता तो त्याने लपवायचा प्रयत्न केला नाही. "बैलाचंच निघालं ना शेवटी," तो म्हणाला. पार्वताबाईने ते ऐकून घेतलं. आयुष्यात त्याचं तिने पहिल्यांदाच ऐकून घेतलं, त्यामुळे तो थोडा घाबरला.

ती दहा मिनिटं मात्र कठीण होती. बिस्किट मांडीवर, दोन्ही हात त्याच्या दोन बाजूंना. बोटं आपोआप सरकायची, ती मागे ओढायची. तिने तिच्या हातांना इतकं जवळून कधी पाहिलं नव्हतं. ते सतत काहीतरी करत आले होते, म्हणून ते चांगले आहेत असं तिला वाटत आलं होतं. चिंधू भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत ओरडायचा, "चारच मिनिटं झाली! हात हालला! मले दिसला!"

पाचव्या दिवशी कातडी कोरडी झाली. नवव्या दिवशी संभार पाहून शिट्टी वाजली. बाराव्या दिवशी अश्वजित आणि दीपमाला बिस्किटला न्यायला आली.

तोवर लव उगवली होती. दुरून पाहिलं तर काही कळलं नसतं. दीपमालाचे पाय सुजले होते, ती हळूच खाटेवर टेकली आणि तिने बिस्किटला उचलून उताणं केलं. वॉर्डात बाळ उताणं करतात तसं.

"याचे केस कोणी कापले?"

"गरमीनं..." चिंधूने सुरुवात केली. बाहेर अजून थंडी होती. त्याने वाक्य सोडून दिलं.

पार्वताबाई उभी होती. हो म्हटलं असतं तर खपलं असतं. उवा झाल्या होत्या म्हटलं असतं तरी खपलं असतं. आयाबाई अजून ठरायची होती.

"म्या भाजला त्याले," ती म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं. तेल, बेसन, धुरी, पावडर, लंगोट. काही ठेवलं नाही. मोबाइलसमोर तोंड तेवढं धरलं, हेही सांगितलं. अश्वजितने तोंडावर हात ठेवला. तो हसत होता की काय, ते कळलं नाही.

दीपमालाने बिस्किटच्या पोटावरून बोट फिरवलं.

"आमच्या वॉर्डात बाया सांगत नाहीत, आई," ती म्हणाली. "बाळ निळं पडून येते, तरी सांगत नाहीत. काय पाजलं, काय लावलं, कायचा धूर दिला. मी विचारत राहातो, त्या भिंतीकडे पाहात राहातात. तेवढ्यात वेळ जाते."

तिने बिस्किटला मांडीवर सरळ केलं.

"तुम्हीच या आंग धुवायले. आयाबाईचं राहू द्या."

पार्वताबाईचे हात पदरातून बाहेर आले. "तेल?"

"तेल लावा. हळू."

"धुरी?"

"नाही."

"थोडीशीक? ओव्याची?"

"आई."

"बरं. कानात एक थेंब..."

"आई!"

"विचारून रायलो फक्त." ती खाली बसली. "तुमी त्या परीक्षेसाठीच धाडला होता ना हा?"

"कोणती परीक्षा? खोलीले रंग देऊन राहिलो होतो."

चिंधू इतका हसला की त्याला खोकला आला.

दीपमालाने बिस्किटला पिंजऱ्यात सोडलं, खाटेवर पाय वर घेतले आणि सुजलेल्या घोट्यांकडे पाहिलं. "तुमचे हात रिकामे असतील तर..." ती म्हणाली.

पार्वताबाई आधीच तेलाची वाटी आणायला उठली होती. तिने हात धुतले, कोरडे केले, बसली, सुनेचा पाय मांडीवर घेतला आणि थांबली.

"किती जोरानं चोळू?"

"मी सांगतो ना," दीपमाला म्हणाली आणि डोळे मिटले.

"अन् ओ अश्वजितची माय," चिंधू पिंजऱ्यातलं तणस बदलता बदलता म्हणाला, "लंगोट नोको बांधजो."