मला सोडायला काही नव्हतं

धाकटी जाऊ आमच्या घरात आली तेव्हा माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. ती कुहीकडच्या एका खेड्यातली, धानाची शेती असलेल्या घरची. तिची बहीण आजारी पडली म्हणून नागपूरच्या मिशनच्या दवाखान्यात तिच्याजवळ राहायला आली होती. माझे दीर त्याच दवाखान्यात कंपाउंडर होते. सकाळी वॉर्डात प्रार्थना व्हायची, ती दाराशी उभी राहून ही ऐकायची. बहीण बरी होऊन गावी गेली, पण हिच्या मनातून ते ऐकलेलं गेलं नाही. पुढच्या वर्षी तिनं बाप्तिस्मा घेतला. बापानं दार लावून घेतलं आणि मेलेल्या माणसाच्या नावानं करतात तशी तिच्या नावानं आंघोळ केली. मग दिरांशी तिचं लग्न झालं.

मी जन्मापासूनच ख्रिस्ती. माझ्या आज्यानं दुष्काळात धर्म घेतला, त्यामुळे जे काही सोडायचं ते त्यानंच सोडून ठेवलेलं. मला चाळीस दिवसांची असताना देवळात नेलं, कपाळावर पाणी पडल्यावर मी रडले, एवढंच घरचे सांगतात. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. शाळा चौथीपर्यंत झाली. लग्न होऊन उमरेडहून नागपूरला सदरमध्ये आले, तेही ख्रिस्ती घरातून ख्रिस्ती घरात.

दर बुधवारी दुपारी बायकांची सभा असायची. तिथे एकेकीनं उठून साक्ष द्यायची, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. मला चार माणसांत तोंड उघडायची धास्ती. माझी पाळी आली की मी उठायचे, "प्रभूची कृपा आहे" म्हणायचे आणि खाली बसायचे. कोपऱ्यातून कोणीतरी हमखास म्हणायची, "झालं वं मोठीचं भाषण! ठेवा आता चहा!"

धाकटी उठली की चहाची आठवण कोणाला राहायची नाही. ती सातवी शिकलेली, बोलायची सावकाश. बापानं दार कसं लावलं, आई आतून कशी रडत होती, ही ओट्यावर किती वेळ उभी राहिली, ते सगळं सांगायची. शेवटी म्हणायची, "ज्यानं माझ्यासाठी जीव दिला, त्याच्यासाठी मी घर सोडलं." बायका पदरानं डोळे पुसायच्या. म्हाताऱ्या तिच्या पाठीवरून हात फिरवायच्या. तीच गोष्ट पंधरा वेळा ऐकली तरी पुन्हा सांग म्हणायच्या. मी खाली मान घालून चटईच्या काड्या उपटत बसायचे.

हेवा कशाचा वाटायचा हे मला नीट कळत होतं. तिचं रूप माझ्यासारखंच साधं होतं, लुगडी दोघींना सारखीच यायची. मला हेवा होता तो तिनं सोडलेल्या घराचा. येशूनं आपला प्राण देऊन आपल्याला सोडवलं आणि म्हणून आपण आता देवाचे आहोत, हे मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले. पण मनात एक हिशेब चालायचाच. एवढं मोठं दान घेऊन जिनं काही परत दिलं ती त्याची जास्त, आणि जिनं नुसतं घेतलं ती कमी. माझ्याजवळ देण्यासारखं काही नव्हतं. कधीकधी वाटायचं, मी त्याची आहे हे मला लोकांनीच सांगितलं आहे, त्याला स्वतःला ते ठाऊक आहे की नाही कोण जाणे.

एक काम मात्र माझं होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं, म्हणजे येशूच्या मरणाची आठवण म्हणून सगळ्यांनी पावाचा तुकडा आणि रसाचा पेला घ्यायचा. त्यासाठी शनिवारी काळ्या मनुका भिजत घालायच्या, कुस्करून गाळून त्यांचा रस करायचा. पावाची कडा काढून बारीक तुकडे कापायचे. काचेचे छोटे पेले राखेनं घासून, गरम पाण्यातून काढून, स्वच्छ कपड्यावर पालथे घालायचे. हे काम आधी सासूबाईंकडे होतं, त्यांनी ते माझ्याकडे दिलं. या कामात बोलावं लागत नाही. मी तुकडे कापताना एकेका माणसाची आठवण करायचे, हा अमक्याचा, हा तमकीचा. तीच माझी प्रार्थना.

एका शनिवारी सासूबाई म्हणाल्या, "या बारीले धाकटीले करू दे."

"काहून आई? काही चुकलं का?"

"चुकलं कशाचं? तिच्या हाताले शोभते वं ते. तिनं घरदार सोडलं."

मी मनुकांचं भांडं धाकटीपुढे सरकवलं आणि विहिरीवर पाणी आणायला गेले. घरात पाणी भरलेलं होतं.

त्यानंतर महिन्याभरानं मी उमरेडला आईकडे चार दिवस राहून परत आले. बस स्टँडवर उतरले, हातात आईनं भरून दिलेली पिशवी. पाहते तर समोरच्या बाकावर धाकटी बसलेली. तिच्याजवळ एक म्हातारी, नऊवारी लुगडं, पायात काही नाही. मी खांबाच्या मागे झाले. म्हातारीनं कनवटीची छोटी डबी काढली आणि म्हणाली, "कपाळ रिकामं पाहवत नाही वं माय." धाकटीनं मान पुढे केली. म्हातारीनं तिला कुंकू लावलं, मग हातानं तिचं तोंड कुरवाळलं. कुहीची गाडी लागली, म्हातारी चढली, गाडी गेली. धाकटी नळावर गेली, पदराचं टोक भिजवलं आणि कपाळ पुसलं.

आमच्याकडे कुंकू लावत नाहीत. बाप्तिस्म्याच्या वेळी जे सोडायचं त्यात ते पहिलं.

खरं लिहायचं तर मला त्या क्षणी आनंद झाला. घरापर्यंत पिशवी जड लागली नाही. म्हणजे हिनं सगळं सोडलेलं नाही, असं मी मनात घोकत होते. हिची आई हिला भेटते.

दोन दिवस मी गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी सासूबाईंबरोबर तांदूळ निवडत बसले होते. हलक्या आवाजात म्हटलं, "मी काही म्हणत नाही आई, पण तिच्या आत्म्याची काळजी वाटते." आणि पाहिलं ते सगळं सांगितलं. सासूबाईंचा हात सुपातच थांबला. दुसऱ्या दिवशी त्या डोक्यावर पदर घेऊन देवळाच्या पाळकसाहेबांकडे जाऊन आल्या.

पाळकसाहेब मंडळीतल्या दोघा वडीलधाऱ्यांना घेऊन आले. मी स्वयंपाकघरात शेगडीपाशी बसून ऐकत होते.

"कुंकू लावलं होतं का तुम्ही?"

"आईनं लावलं. मी लावू दिलं."

"काहून लावू दिलं?"

"दोन वर्षांनी भेटली जी. तिच्या लेखी रिकामं कपाळ म्हणजे विधवा. माझा नवरा जिता आहे, अन् तिले मी तशी दिसतो. गाडी सुटेपर्यंत राहू दिलं तिच्या डोळ्यासाठी."

"पण साक्षीत तुम्ही सांगता की आईबाप सोडले."

"सोडले तर आहेतच. ती आली तर मी पळू का जी?"

पण नियम तो नियम. चूक मान्य करेपर्यंत तिनं प्रभुभोजन घ्यायचं नाही आणि साक्षही द्यायची नाही असं ठरलं. ती "बरं" म्हणाली आणि चहा करायला आत आली. कोणी सांगितलं हे तिनं विचारलं नाही. मला म्हणाली, "सरका बाई, तुमच्या डोळ्यात धूर जाऊन राहिला."

मनुकांचं आणि पावाचं काम पुन्हा माझ्याकडे आलं. तुकडे कापायला बसले तेव्हा हा सासूबाईंचा, हा दिरांचा, असं करता करता मी अडकले. धाकटीचा तुकडा कापायचा नव्हता.

रविवारी ती मागच्या बाकावर, बाप्तिस्मा न झालेल्यांत बसली. पाळकसाहेबांनी पाव मोडला आणि नेहमीचेच शब्द म्हणाले, की हे शरीर तुमच्यासाठी मोडलं आहे. इथे कोणी आपल्या पुण्यानं येत नाही, असंही ते दर वेळी म्हणतात. मी ते शेकडो वेळा ऐकलं असेल. त्या दिवशी मात्र वाटलं, मी तर इथे दुसरीला उठवून आले. ताट माझ्यापुढे आलं आणि मला हात उचलवेना. मी ते तसंच पुढे दिलं.

सासूबाईंनी कोपर मारलं. "काय झालं वं?"

"पोट बरं नाही."

प्रभूच्या मेजापाशी मी खोटं बोलले. इतकी वर्षं मला भीती होती की मी त्याची नसेन. त्या दिवशी वाटलं, आता तर पुरावाच मिळाला.

तो महिना वाईट गेला. धाकटी नेहमीसारखीच वागत होती, बाई, हे करू का, बाई, ते करू का. तिनं एकदा तरी भांडं आपटावं असं मला वाटायचं. आपटलं असतं तर मी भांडले असते आणि बरं वाटलं असतं. बुधवारच्या सभेत ती गप्प बसायची. बायका आता माझ्याकडे पाहायच्या, पण माझ्याजवळ तीच कृपा होती, तीही तोंडातून निघेना.

प्रभुभोजनाच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी तयारीची सभा असते. पाळकसाहेब विचारतात, कोणाच्या मनात कोणाविषयी काही असेल तर आताच मोकळं करा. सगळे खाली पाहतात, थोडा वेळ जातो, मग गीत सुरू होतं. दर महिन्याला असंच. कोणी कधी उठत नाही.

त्या शुक्रवारी मी उठले. समोरच्या बाकाची पाठ धरली.

"धाकटीचं मीच सांगितलं होतं. ते खरं होतं, पण देवासाठी नाही सांगितलं. मला तिचा हेवा वाटत होता, तिनं घर सोडलं त्याचा."

एवढं म्हणून मी बसले. मग पुढच्या बाकावरच्या कमी ऐकू येणाऱ्या म्हातारीनं मोठ्यानं विचारलं, "काय म्हणते मोठी?"

"हेवा म्हणते," तिच्या शेजारची ओरडली.

"कशाचा?"

"धाकटीनं घर सोडलं त्याचा."

"अवं माय! आता घर सुटल्याचाही हेवा करतेत का लोक!"

सगळे हसले. मागे वळून पाहिलं तर धाकटीही पदर तोंडावर धरून हसत होती. माझे कान तापले. पाळकसाहेब हसले नाहीत. त्यांनी तिला पुढे बोलावलं आणि रविवारी मेजाला यायला सांगितलं. चूक मान्य करते का, ते विचारलंच नाही.

घरी जाताना आम्ही दोघीच मागे राहिलो. ती म्हणाली, "मले माहीत होतं बाई. खांबामागून तुमची पिशवी दिसून राहिली होती."

"मग बोलली काहून नाही?"

"काय बोलू? खरंच तर सांगितलं तुम्ही." थोडं चालून ती पुन्हा म्हणाली, "मी ती पिशवीच पाहून राहिली होती. म्हटलं, हिची आई हिले उजागरीनं भरून देते. माझी मले बाकावर भेटते, ते बी बापापासून लपून."

मी चालता चालता तिच्या बाजूला सरकले.

"अन् त्या साक्षीचा मले कंटाळा आला होता बाई. दर बुधवारी मीच बापाले दार लावायले लावतो. बायका म्हणतेत, सोडलं, सोडलं. मी कुठं सोडलं? ते माझ्या हातून सुटलं. सोडलं त्यानं, येशूनं, आपल्या मनानं, जीव बी सोडला. माझं त्याच्याबरोबर काहून मोजतेत?"

ती हे रागानं म्हणाली नाही. मी मात्र त्या गल्लीत उभीच राहिले. इतकी वर्षं मी जे मोजत होते ते मोजायचंच नव्हतं. तिनं काही देऊन तिची जागा घेतली नव्हती आणि मी काही दिलं नाही म्हणून माझी गेली नव्हती. दोघींची किंमत एकाच ठिकाणी, एकदाच भरली गेली होती. मी वर पाहिलं तर ती बरीच पुढे गेली होती. "चला ना बाई, भात ठेवायचा आहे," तिनं हाक मारली.

रविवारी ती माझ्या शेजारी बसली. ताट आलं. माझा हात या वेळी उचलला गेला. पण खरं तेच लिहीन. ती डोळे मिटून शांत बसली होती, मला क्षमा करायला तिला काही कष्टच पडले नव्हते, आणि ते पाहून माझ्या मनात आलं, हेही हिला किती सहज जमतं. तोच जुना हेवा. आता ताट पुन्हा पुढे द्यावं का, असा विचार क्षणभर आला. मग मी तो हेवा मनात असतानाच तुकडा उचलला आणि खाल्ला.