काऊन मिस्त्रीचं पांढरं ग्रीस

लोणारच्या बस स्टँडजवळ वाहेद मिस्त्रीचं सायकलीचं दुकान होतं. दुकान कसलं, चार पत्रे, एक पंप आणि एक घमेलं. पण माणूस भारी चौकस! पंक्चर काढायला गेलं तरी आधी 'का' ते विचारणार, "काटा काऊन घुसला? कडेनं काऊन नाही आले?" घाईतलं गिऱ्हाईक कावून जायचं. सारं गाव त्याला काऊन मिस्त्रीच म्हणायचं, आणि तोही हसून ओ द्यायचा.

महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झाली होती, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. निवृत्ती पोस्टमन सायकल ढकलत आला आणि तणतणला, "मिस्त्री, शिमग्यापासून तिसऱ्यांदा छर्रे गेले! माल भरता का भंगार भरता? आता एकदाच. पुन्हा चाक करकरलं तं मी मेहकरच्या मिस्त्रीकडे चाललो. अन् काऊन चाललो, तेही सांगत जाईन."

निवृत्ती रोज पाच खेड्यांत टपाल वाटायचा, लोकांना पत्रं वाचून दाखवायचा. त्याच्या तोंडी एकदा नाव खराब झालं, की पंधरा वर्षांची मेहनत पाण्यात.

वाहेदने मागचं चाक काढून त्याच्या मधलं हब उघडलं. दोन्ही बाजूंचे नऊ-नऊ छर्रे, म्हणजे बेअरिंगच्या पोलादी गोळ्या, ताटलीत ओतले. महिन्यापूर्वी घातले तेव्हा आरशासारखे होते, आता प्रत्येकावर खड्डे. आणि ग्रीस? ते चक्क पांढरं पडलं होतं!

"गाडी नाल्यातून घालता तुमी," वाहेद म्हणाला.

"मे महिन्यात नाल्याले पाणी तं असू द्या!" निवृत्ती उखडला आणि पायीच चालता झाला.

वाहेदला कुठला धीर! दुसऱ्या दिवशी निवृत्तीला भाड्याची सायकल दिली, दुसरीवर स्वतः बसला आणि दुकान बंद ठेवून त्याच्या मागोमाग पाचही खेडी हिंडला. ना चिखल, ना पाणी. नुसता फुफाटा. अंग मात्र मोडून आलं.

संध्याकाळी तो ते ग्रीस कागदावर घेऊन घरी आला. बायको, खुर्शीदा, भांडी घासत होती. तिने ओलं बोट लावून चोळलं, तर बोटावर फेस!

"हे तं साबण हाये," ती म्हणाली.

"चाकात साबण काऊन येईन?"

"खार अन् तेल एकत्र झालं का साबणच होते. माही अम्मा घरीच करे."

खार म्हणजे लोणारच्या खाऱ्या तळ्याकाठी साचणारी ती पांढरी भुकटी. खुर्शीदाच्या घरी कपड्यांना तीच लागायची. तेलाचं वाहेदला माहीत होतं. ग्रीस पातळ व्हावं म्हणून त्यात करडईचं तेल तोच मिसळायचा. पण खार? त्याचे डोळे चमकले. "सापडलं! निवृत्तीच्या घरी गाडी खारानं धुत असतीन!" आणि तो चपला घालायला लागला.

"बसा गुमान," खुर्शीदा हसू दाबत म्हणाली. "घासलेट भेटत नाही, सायकलीचं सामान घमेल्यात खाराच्या पाण्यात धुतो म्हणून माहं मडकं कोणं रिकामं केलं? शिमग्यालेच नेलं ना?"

वाहेदने चपला परत काढल्या. धुतलेल्या सामानाला खार चिकटून राहायचा, तेलात मिळून त्याचा साबण व्हायचा आणि छर्रे कोरडेच घासायचे. बाकीच्यांच्या सायकली बाजारापुरत्या फिरायच्या, म्हणून अजून ओरड नव्हती. निवृत्ती रोज वीस मैल हाणायचा, त्याचीच आधी बोलली. साऱ्या दुनियेला काऊन विचारणाऱ्या या शहाण्याने आपल्या घमेल्याला एकदाही विचारलं नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. आणि खोटं कशाला बोला, थोडी मजाही वाटली. दोन महिने आपण साबण बनवत होतो, अन् पत्ताच नाही!

सकाळी त्याने उसनं घासलेट आणून हब धुतलं, कोरडं केलं, नुसतं ग्रीस भरून नवे छर्रे बसवले. चाक बिनआवाज फिरायला लागलं. इथे गप्प बसला असता तर कुणाला काय कळणार होतं? निवृत्ती तर खूश होऊन निघालाही.

"थांबा," वाहेदने हाक मारली. "माल चांगलाच होता. चूक माही होती. पाची खेड्यांत सांगा, शिमग्यापासून वाहेदनं ज्याचं चाक खोललं, त्यानं परत घेऊन या. फुकटात भरून देतो."

निवृत्तीने सायकल थांबवली. "मिस्त्री, लोकं विचारतीन ना, काऊन म्हणून?"

वाहेदने खाराच्या पाण्याचं घमेलं पालथं घातलं.

"तं तेही सांगत जा," तो म्हणाला.