वरून तुटणारं चित्र

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि ज्याला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्याला — माझ्या थोरल्या भावाला, अण्णाला — तर नाहीच नाही. मग तुम्हाला का सांगतेय? बहुतेक तुम्ही आमच्या चामराजपेटच्या गल्लीत राहत नाही म्हणून. भाऊबीजेला तुमच्यासमोर ताट घेऊन उभं राहायची वेळ माझ्यावर येणार नाही म्हणून.

सुरुवात जरा फालतू गोष्टीपासून करते, चालेल ना? एकदम मुद्द्यावर यायला जमत नाहीये.

आमच्या घरी, म्हणजे सर्जापूर रोडवरच्या या बाराव्या मजल्यावर, गेले दोन महिने एकच वाद चालू आहे. नवऱ्याने नवा गेमिंग कन्सोल आणला. तो पुण्याचा, घेतलेली वस्तू जगात सर्वोत्तम आहे हे समोरच्याकडून कबूल करून घेतल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. पाण्यावरचं ऊन बघ, घोड्याच्या मानेवरचा घाम बघ, गवताचं एकेक पातं कसं वेगळं हलतंय बघ! आमची इरा, वय वर्षं बारा, अर्थातच बाबाच्या पार्टीत. आणि मी कायम पलीकडच्या बाकावर. ग्राफिक्सला काय चाटायचंय, खेळताना मजा यायला हवी — हे माझं ठरलेलं वाक्य. ऑफिसातही जेवताना हा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघून हसतात, कारण आता मी माझी ती जुनी गोष्ट सांगणार हे त्यांना पाठ झालंय. अण्णा, मी, आणि आमचा डबडा टीव्ही-गेम. मी ती गोष्ट छान सांगते. नागपूरहून आलेल्या एका मुलीच्या डोळ्यांत एकदा पाणीही आलं होतं.

फक्त त्या गोष्टीतला एक भाग मी दर वेळी गाळते.

आमचं घर शिंप्याचं. आजोबांच्याही आधीपासून आम्ही या कानडी मुलखातले. पुढे वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, टेलरिंगचं दुकान, मागे आमच्या दोन खोल्या, आणि मधे पडदा — तोही गिऱ्हाइकांच्या उरलेल्या तुकड्यांचा. अण्णा दहावी झाला तेव्हा अप्पांनी त्याला मार्केटमधून टीव्ही-गेम आणून दिला. अण्णा सोळाचा, मी अकराची. पिवळ्या कॅसेटवर हजारो गेम छापलेले; आत मोजून सहा, तेच रंग बदलून पुन्हा पुन्हा. कॅसेट अडकली की आई बॉबिनमधली कसपटं काढायच्या ब्रशने ती साफ करून द्यायची. दुकानात अप्पांनी मोठी इस्त्री लावली की आमच्या टीव्हीवरचं चित्र थरथरायचं, आणि अण्णा पडद्यापलीकडे ओरडायचा, "अप्पा, स्वल्प थांबा की, युद्ध चाललंय!" आणि खरं सांगते, अप्पा थांबायचेसुद्धा. गरम कापडाचा आणि मशीनच्या तेलाचा तो वास आजही कुठे आला तरी माझा अंगठा आपोआप हलतो.

आमचा आवडता खेळ रणगाड्यांचा. एक रणगाडा टीव्हीच्या पडद्यावर वरून निघायचा, एक खालून. मधे विटांच्या भिंती. भिंती फोडत जायचं आणि दुसऱ्याला उडवायचं. रणगाडा म्हणजे काय — पाच-सहा चौकोन एकाला एक चिकटवलेले. घाम नाही, ऊन नाही, काही नाही. रिमोटच्या वायरी इतक्या आखूड की टीव्हीला नाक लावूनच बसावं लागे. आणि अण्णा मला रोज हरवायचा. धाकटी आहे म्हणून एकदाही सोडलं नाही पठ्ठ्याने. जिंकला की खुंटीवरची टेप घेऊन माझं नाक मोजायचा, किती इंच कापलं गेलं ते जाहीर करायचा, आणि मार्किंगच्या खडूने दाराच्या मागे आकडा लिहायचा. मी रडायचे, चावायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळायला बसायचे. माझ्या आयुष्यात त्याच्याइतकं मला कुणी आवडत नव्हतं. हे मुद्दाम सांगतेय. पुढचं ऐकताना विसरू नका — किंवा विसरा, त्याने काही फरक पडत नाही.

एका रविवारी मी जिंकले.

चुकूनच जिंकले. पडद्याच्या अगदी वरच्या कडेने आले आणि तिथूनच गोळी सोडली. अण्णा खाली आपल्या रणगाड्याकडे बघत होता, हललासुद्धा नाही. पुढच्या रविवारी पुन्हा तसंच. मग पुन्हा. मला वाटलं, मला काहीतरी युक्ती सापडली! तिसऱ्यांदा जिंकल्यावर मी टेप घेऊन त्याच्या मागे उभी राहिले. तो अजून पडद्याकडेच बघत होता. मी त्याच्या डोक्यावरून टेप हळूहळू खाली सोडली. कपाळासमोर आली. भुवयांसमोर आली. टेपचं पितळी टोक त्याच्या डोळ्यांपुढे हलत होतं आणि तो बघत नव्हता. नाकाला लागली तेव्हा दचकला. म्हणाला, "कधी आलीस गं मागे, पुट्टी?" पुट्टी म्हणजे कानडीत छोटी; तो मला तीच हाक मारतो.

मी हसले. पण त्याचं नाक मोजायचं राहूनच गेलं. अकरा वर्षांच्या मुलीला किती कळतं? मी स्वतःला हे विचारून विचारून थकलेय, आणि उत्तर दर वेळी तेच येतं — पुरेसं कळतं. अण्णाला वरचं दिसत नाही, हे मला त्या क्षणी कळलं होतं. घरात दुसऱ्या कुणालाही माहीत नव्हतं. अण्णालाही नाही.

आणि मग त्याने मला विचारलं. हाच तो गाळलेला भाग. दोन-चार दिवसांनी रिमोट खाली ठेवून, डोळे चोळत, अगदी साधेपणाने त्याने विचारलं, की तू वरून येतेस तेव्हा मला दिसतच नाहीस, तुला दिसतं का नीट?

मी काय करायला हवं होतं? दुकानाचा पडदा सारून चार पावलं. अप्पा तिथेच बसले होते.

पण आई रोज बजावायची, की त्या डबड्याने डोळे खराब होतील, मग माळ्यावर टाकेन. मी सांगितलं असतं तर गेम त्याच संध्याकाळी माळ्यावर गेला असता. आणि मी नुकतीच जिंकायला लागले होते. दाराच्या मागे माझा आकडा पहिल्यांदाच वर चढत होता. मी म्हणाले, "चित्रच वरून तुटतंय अण्णा. मलापण नाही दिसत. कॅसेट डुप्लिकेट आहे."

त्याने मान हलवली. त्याला ते पटलं. का नाही पटणार? इस्त्रीने थरथरणारं चित्र वरून तुटूही शकतं. मी सांगितलं होतं — मी, त्याची पुट्टी.

जवळजवळ दीड वर्ष मी त्याला हरवत राहिले. एकदा म्हणाला, जागा बदलूया, मी वरून निघतो. मी थयथयाट केला. वर माझी जागा, म्हणून हटून बसले. कारण तो वरून निघाला असता तर त्याची नजर वर गेली असती, चित्र धडधाकट आहे हे त्याला दिसलं असतं. एवढा विचार मी केला होता, बरं का. एवढं कळत होतं मला.

त्याच दीड वर्षात अण्णा अर्ध्या उघड्या शटरवर कपाळ आपटायला लागला. टांगलेले कोट डोक्याला लागायचे. अप्पा हसायचे, "ताडासारखा वाढलास रे, वाकून ये की!" आणि तो खरंच उंच झाला होता, त्यामुळे सगळ्यांना ते कारण पुरलं. टेंगूळ आलं की आई हळद लावायची. मी शेजारी उभी राहून सगळ्यांबरोबर हसायचे.

शेवटी कॉलेजात डोळे तपासले आणि त्याला मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. अप्पांबरोबर मीही गेले, सुट्टी होती म्हणून. तिथे एक मशीन होतं. त्यात डोकं घालून बसायचं, समोर बारीक दिवे लागतात, दिवा दिसला की बटण दाबायचं. अण्णा बाहेर आला तो खुशीत. माझ्या कानाशी म्हणाला, "अगदी आपल्या गेमसारखं आहे गं! पण यांचंही मशीन बिघडलंय. वरचे दिवेच लागत नाहीत."

मग कागद आला. त्यावर दोन गोल, दोन डोळ्यांचे. दोन्हींचा वरचा भाग काळा. मी तो कागद मांडीवर धरून बसले होते. जिथून माझा रणगाडा यायचा, बरोब्बर तिथे काळं होतं.

काचबिंदू. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की या वयात क्वचित होतो, पण होतो. दुखत नाही, खुपत नाही. गेलेली नजर परत येत नाही, औषधाने राहिलेली टिकवायची. वर्षभर आधी आला असतात तर यातलं बरंच राहिलं असतं, असं म्हणाले. मग त्यांनी विचारलं, आधी कधी काही जाणवलं नाही? अण्णा म्हणाला, नाही. अप्पा म्हणाले, नाही. मी तिसरी तिथे बसले होते. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही.

घरी येताना बसमध्ये, चामराजपेट आल्यावर, तो म्हणाला, "म्हणजे कॅसेट चांगली होती की गं." मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्याला वाटलं, मला रडू येतंय. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

अप्पांची इच्छा होती त्याने कटिंग मास्टर व्हावं. हात होता त्याच्यात. खडूने ओढलेली त्याची रेघ अप्पांपेक्षा सरळ यायची. ते झालं नाही. नजर औषधांनी टिकली तेवढी टिकली, उरलेली वर्षागणिक आक्रसत गेली. आता तो दुकानात मापं घेतो. खांदा, छाती, बाही, सगळं बोटांनी चाचपून, आणि चुकत नाही. कापायला दुसरा माणूस ठेवलाय. कसं दिसतं असं इराने एकदा विचारलं तेव्हा म्हणाला, शर्टाच्या बाहीतून बघ, तसं. इराने लगेच शर्ट काढून आणला आणि बाही डोळ्याला लावून घरभर फिरली. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

मग मी जेव्हा म्हणते, ग्राफिक्स नको, मजा हवी — तेव्हा मी कसली मजा आठवत असते? ती मजा खोटी नव्हती. तेच तर वाईट आहे. त्या दीड वर्षाइतकी मजा मला पुन्हा कधीच आली नाही. मला अजून तो खेळ आठवला की आधी आनंद होतो, आणि मग उरलेलं आठवतं. या क्रमाने. उलट्या नाही.

गेल्या महिन्यात अण्णा आमच्याकडे आला होता. इराने हट्टाने त्याला नव्या कन्सोलसमोर बसवलं, हातात रिमोट दिला. भिंतीएवढा टीव्ही, आणि अण्णा मान वर-खाली, डावी-उजवीकडे फिरवत एकेक तुकडा बघत होता. जत्रेत पाळण्याकडे बघावं तसा. घोडा, गवत, पाणी. नवऱ्याने अभिमानाने विचारलं, कसं आहे चित्र? अण्णा म्हणाला, फार सुंदर. मग हसून म्हणाला, "पण मजा आमच्या गेमात होती. काय गं पुट्टी?"

आणि तो इराला सांगायला लागला. ती टेप, ते नाक, दारामागचे आकडे, सगळं. ती खिदळत होती. "आणि खुळे किती आम्ही," तो म्हणाला, "डोळे माझे जात होते, आणि आम्हा दोघांनाही वाटायचं, चित्रच वरून तुटतंय!"

दोघांनाही. इतकी वर्षं त्याने ते असंच जपून ठेवलं होतं.

इरा हुशार आहे. तिने रिमोट खाली ठेवला आणि माझ्याकडे वळली. "पण आई, मामाचे डोळे खराब होते. तुला का नाही दिसायचं?"

अण्णानेही मान वळवली. मी कुठे बसलेय ते शोधलं, आणि त्या बाहीएवढ्या जागेत मला धरून तो बघत राहिला, हसऱ्या तोंडाने.

मी म्हणाले, "लहान होते ना गं. मलाही नाही दिसायचं."

"नाही तर काय," अण्णा म्हणाला, आणि पुन्हा टीव्हीकडे वळला.

मला दिसायचं. पहिल्या दिवसापासून, अगदी वरच्या कडेपर्यंत, सगळं स्वच्छ दिसायचं.