टिनाच्या वर्गाची वही

"मले नका विचारू, मोजून पाहा."

हे आमच्या विज्ञानाच्या सरांचं उत्तर. प्रश्न कोणताही असो, विचारणारा कोणीही असो. एकदा स्टाफरूममध्ये मी सहज म्हणाले, "यंदा सक्करदऱ्याच्या तलावाचं पाणी लवकर उतरतंय, नाही?" साधा माणूस हो म्हणतो किंवा नाही म्हणतो. यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला आणि आपलं ठेवणीतलं वाक्य म्हटलं. त्या रविवारी पाच पोरं रंगाचे पट्टे मारलेला बांबू घेऊन तलावावर. पुढे महिनाभर दर सोमवारी, चिखलाच्या चपलांनिशी, पाणी किती बोटं उतरलं ते मला सांगायला येत. मी मराठी शिकवणारी बाई. मला त्या बोटांचं काय करायचं होतं?

तुमच्याही शाळेत असा एखादा शिक्षक असेल, ज्याच्या वर्गातून कायम गलका ऐकू येतो. आमच्या महाल भागातल्या शाळेत हे सर तसे होते. नरखेडकडच्या खेड्यातून आलेले, सायकलच्या कॅरिअरला नेहमी काहीतरी बांधलेलं: नळी, तराजू, एकदा तर सुगरणीचं घरटं. दर शनिवारी शेवटच्या तासाला ते स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसत आणि पुढे काय शिकायचं ते पोरं ठरवत. "फळ्यापाशी मीच उभा राहिलो, तं हे पोट्टे कधी उभे राहतीन?" म्हणत. आम्ही बाकीचे हसायचो. खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटायचा.

अशाच एका शनिवारी आठवी ड मधल्या एका मुलीने विचारलं, "सर, आमचाच वर्ग इतका काहून तापते?"

आठवी ड चा वर्ग मैदानाच्या कडेला, टिनाच्या छपराखाली भरायचा. मार्च लागला की दुपारच्या तासाला पोरांना घेरी यायची. आम्ही म्हणायचो, डबा खाल्ला नसेल.

"मले नको विचारू वं," सर म्हणाले. "मोजून पाह्य."

प्रयोगशाळेतून दोन थर्मामीटर निघाले. एक टिनाच्या वर्गात लागला, दुसरा हेडमास्तरांच्या खोलीत. प्रदर्शनासाठी असेल म्हणून हेडमास्तरांनी आनंदाने परवानगी दिली. पोरांनी वही आखली: तारीख, वेळ, आमचा वर्ग, ऑफिस आणि शेवटी शेरा. रोज दोघांची पाळी. शेऱ्यात काय लिहायचं यावर सरांचा एकच नियम होता, जे दिसलं ते लिहायचं. त्यामुळे तिथे वाटेल ते असे. "आज मडकं बारा वाजताच संपलं." "आज मराठीच्या बाई पण झोपून राहिल्या होत्या." हा शेरा मी वाचला आणि दोन दिवस सरांशी बोलले नाही. पण झोपले होते हे खरंच होतं.

मग शाळा तपासणी आली. दोन दिवसांची. पहिल्या दिवशी सकाळीच हेडमास्तरांच्या खिडक्यांवरच्या वाळ्याच्या ताट्या काढून टिनाच्या वर्गाला लावल्या गेल्या. शिपाई दर तासाला त्यांच्यावर पाणी मारत होता. साहेब आले, गार वाऱ्यात पाच मिनिटं उभे राहिले, "छान" म्हणाले आणि पुढे गेले. दुसऱ्या दिवशी ते मुलांचे प्रकल्प पाहणार होते.

शाळा सुटल्यावर हेडमास्तरांनी त्या प्रकल्पांवर नजर टाकली. वहीत त्या दिवसाचा आकडा सात अंशांनी उतरला होता आणि पुढे टपोऱ्या अक्षरात शेरा होता: "आज ऑफिसातल्या ताट्या आमच्या वर्गाले लावल्या. साहेब गेल्यावर परत नेणार आहेत. खूप बरं वाटलं."

"हे पान तेवढं काढा," हेडमास्तर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "तुम्हाला कायम करायचा कागद कमिटीपुढे जायचाय. समजून घ्या."

"वही माही नाही सर," विज्ञानाचे सर म्हणाले. "पोरायची आहे."

मी त्यांना सायकल स्टँडवर गाठलं. घरी बायको, दोन लहान मुली, भाड्याची खोली. नोकरी दोन वर्षं टिकवली, आता एका पानासाठी घालवणार? मी अक्षरशः भांडले. "फाडा ना हो एक पान! पोरांना कळणारसुद्धा नाही."

त्यांनी सायकलचं कुलूप काढलं. त्यांचा चेहरा उतरला होता. घाबरलेच होते ते, उगाच कशाला शूर म्हणू?

"पान फाडता येते बाई," ते म्हणाले. "मंग उद्या त्यायले काय शिकवू?"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी वही पहिल्या पानापासून वाचली. तो शेरा त्यांनी दोनदा वाचला, हेडमास्तरांकडे पाहिलं आणि वही मिटली. तपासणीच्या अहवालात एक ओळ आली. त्या ओळीमुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत टिनाखाली बांबूचं छत बसलं.

आणि एप्रिलच्या मीटिंगमध्ये सरांचं नाव पुढच्या वर्षीच्या यादीत नव्हतं. सर स्वतः मीटिंगला नव्हते. हेडमास्तरांनी यादी वाचून विचारलं, "कोणाला काही बोलायचंय?" आम्ही चौदा शिक्षक होतो. मी समोरच्या टेबलावरचा शाईचा डाग पाहत बसले. तो डाग आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे.

निघायच्या आदल्या दिवशी ते माझ्या घरी आले. गावाकडच्या एका शाळेत जागा मिळाली होती, पगार कमी. पाणी प्यायले, माझ्या सासूबाईंची चौकशी केली. मीटिंगबद्दल एक अक्षर नाही. त्यांना सगळं ठाऊक होतं, महालात काही लपून राहत नाही. मग पिशवीतून ती वही काढून माझ्या हातात दिली.

"तुमीच नववी ड च्या वर्गशिक्षक होऊन राहिल्या म्हणे. चांगलं झालं. पोट्टे तुमच्याजवळ राहतीन तं मले घोर नाही."

मला त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

जूनमध्ये शाळा उघडली. पोरं अजून त्याच वर्गात, आता बांबूच्या छताखाली. हेडमास्तरांनी आम्हाला सांगून ठेवलं होतं, सरांना मोठी जागा मिळाली म्हणून ते गेले, असं मुलांना सांगा. मी ते वाक्य घोकूनच वर्गात शिरले. हजेरी संपली आणि कोणीतरी विचारलंच, "बाई, सर काहून नाही आले?"

चाळीस तोंडं माझ्याकडे वळली. ती पोरं नुसती ऐकत नव्हती, बघत होती. बघायची सवय त्यांना कोणी लावली ते मला माहीत होतं.

"त्यांना काढलं," मी म्हणाले. "वहीतल्या त्या पानामुळे. ज्या मीटिंगमध्ये ठरलं तिथे मी होते. मी काही बोलले नाही."

मी टेबलाची कड धरून तशीच उभी राहिले. मग पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली, खुर्चीवरची धूळ तिने आपल्या ओढणीने पुसली आणि खुर्ची माझ्यामागे सरकवली.

"बसा बाई," ती म्हणाली.