सोनूबाईंची सुनावणी

“सोनूबाई पाटील यांची प्रकृती ढासळल्याने, संस्थेच्या नियमांनुसार रीतसर सुनावणी घेऊन, त्यांना नातेवाइकांच्या स्वाधीन करण्यात आले.”

भिवंडीतील आमच्या वृद्धाश्रमाच्या स्मरणिकेत हे वाक्य छापलेले आहे. मी ते अनेकदा वाचले आहे. हे वाक्य खोटे आहे. मी कशावरून सांगतो? मी तेथे व्यवस्थापक होतो. आता जे लिहितो आहे, ते मी कधीच कोणाला — माझ्या पत्नीलाही — सांगितलेले नाही.

सोनूबाईंच्या पूर्णा गावात दुसरीच हकिकत ऐकू येते. त्यांचा पुतण्या म्हणतो की संस्थेच्या अध्यक्षांना सोनूबाईंची खोली आपल्या मेहुणीसाठी हवी होती. तेही खोटे. कोणती खोली कोणाची, हे अध्यक्षांना ठाऊकसुद्धा नव्हते. त्यांच्या नावावर हा दोष मी जाऊ देणार नाही. तो माझा आहे.

संस्थेचे नियम मी लिहिले होते, आणि त्यांचा अभिमान मला आजही आहे. आणीबाणीच्या आधीची ही गोष्ट. आश्रमात राहणाऱ्या म्हाताऱ्यालाही काही हक्क असतात, हे तेव्हा कोणाच्या गावीही नव्हते. मी लिहिले — महिन्याची लेखी नोटीस दिल्यावाचून आणि समितीपुढे म्हणणे ऐकल्यावाचून कोणालाही काढता येणार नाही. सेवेला माणसे नव्हती, म्हणून हेही लिहिले की प्रत्येकाने हौदावरून आपली बादली आपण खोलीपर्यंत न्यावी. ज्याला ते जमणार नाही, त्याला ठेवून घेता येणार नाही. कठोर होता का हा नियम? असेल. अन्यायाचा नव्हता. अन्याय नियमाने केला नाही.

कापडाच्या लूमवर आयुष्य काढलेले दामूअण्णा आमच्याकडे होते. त्यांच्या खोकल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा मी त्यांना तोंडीच सांगितले — संध्याकाळपर्यंत खोली सोडा. सोनूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती; नियम दुसऱ्याकडून वाचून घेऊन पाठ केले होते.

“कागुद कुठं हाय, मॅनेजर? म्हयन्याची नोटीस तूच लिवलीस ना? का तुलाच न्हाय वाचता येत?”

सगळी ओसरी हसली. दामूअण्णाही हसले. ते राहिले, आणि ते हसणे माझ्यात राहिले.

आठ महिन्यांनी सोनूबाईंचे मनगट सुजले. मी नोटीस काढली — लेखी, पुऱ्या महिन्याची — आणि त्यांना स्वतः वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, “आता शिकलास.” मग आवाज उतरवून, “पूर्ण्याला माजी जागा गोठ्यात हाय, येवढं तुला म्हाईत आसू दे.” मला माहीत झाले. तरीही मी सुनावणीचा दिवस ठरवला.

समितीचे तिघे ओसरीवर खुर्च्या टाकून बसले. सोनूबाईंनी खोलीपर्यंत नेऊन दाखवायची बादली हौदावर भरून ठेवलेली होती. सोनूबाईंनी ती उचलली, लगेच खाली ठेवली, आणि माझ्याकडे पाहिले.

“ही माजी बादली न्हाय.”

संस्थेच्या सगळ्या बादल्यांना एकच हिरवा रंग होता. एक सभासद समजुतीने म्हणाले, “आजी, सगळ्या सारख्याच आहेत.”

“सारख्या दिसतात, बाबा. उचलून बघ.”

कोणीही उठले नाही. मी टिपण सांगितले आणि ते लिहिले गेले — “वयोमानामुळे स्वतःच्या वस्तूंची ओळख राहिलेली नाही.” तिघांनी सह्या केल्या. सोनूबाईंनी दोन्ही हातांनी पुन्हा बादली उचलली. बारा-पंधरा पावलांवर पाणी सांडले आणि त्या ओल्या फरशीवर बसल्या. त्यांना उठवायला दामूअण्णा गेले. मी गेलो नाही.

पुतण्या त्यांना बैलगाडीतून घेऊन गेला. पावसाळा लागण्यापूर्वी त्या वारल्या — गोठ्यातच. मी नियमानुसार वागलो असे लोक म्हणत राहिले, आणि मी म्हणू दिले. किती सोपे होते ते.

बादली त्यांची नव्हती. त्यांची पातळ पत्र्याची होती. ती मी सुनावणीसाठी म्हणून त्यांच्या खोलीतून आणवून कोठीत ठेवली, आणि स्वयंपाकघरातली जाड लोखंडी बादली काठोकाठ भरून हौदावर ठेवली.

यावर कोणी म्हणेल — मनगट सुजलेलेच होते. आज ना उद्या त्यांना जावेच लागले असते. हा युक्तिवाद मी स्वतःशी अनेक वर्षे केला आहे, म्हणून तो खोडण्याचा अधिकारही माझाच. त्याच दिवशी सकाळी, सुनावणीच्या दोन तास आधी, सोनूबाईंनी आपली बादली हौदावर भरली आणि कुठेही न टेकवता खोलीपर्यंत नेली. मी कचेरीच्या दारात उभा राहून पाहत होतो.