दुपारचा कॉल

ऑफिसात तिला सगळे सासूबाई म्हणत. तोंडावर कोणी म्हणायचं नाही, पण तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं तिला वाईटही वाटत नसे. डेव्हलपर मंडळींनी घाम गाळून एखादं सॉफ्टवेअर उभं करायचं आणि हिने टेस्टिंगला बसून पहिल्याच दिवशी त्यातल्या चुका काढायच्या, असा तिचा धंदाच होता. "आज सासूबाईंना मीठ कमी लागलं की तिखट जास्त?" असं कोणीतरी हळूच विचारायचं आणि ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

कामात मात्र तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. नव्याने लागलेल्या टेस्टरांना ती सांगायची, "कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, म्हणून लगेच कावळ्याला फाशी देऊ नका. त्याला उठवा, पुन्हा बसवा, मग बघा फांदी मोडते का. एका वेळी एकच गोष्ट बदलायची."

लग्नाच्या फंदात ती पडली नव्हती. आई गेल्यावर घरात ती आणि बाबा एवढीच दोघं उरली. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. आतल्या खोलीत खिडकीशी तिचं टेबल आणि बाहेरच्या खोलीत बाबांची आरामखुर्ची. कंपनीने जागेचा खर्च कमी केला आणि बऱ्याच जणांना घरून काम करायला सांगितलं, तेव्हापासून ती खिडकी हेच तिचं ऑफिस झालं होतं. मधली भिंत इतकी पातळ की इकडे शिंक आली तर तिकडून "जपून गं" यायचं.

बाबा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी दारोदार फिरून पाण्याचे मीटर वाचण्यात गेली. आता पाय दमले होते आणि कानही दगा द्यायला लागले होते. समोरच्याचं तोंड दिसलं तरच त्यांना बोलणं नीट समजायचं. त्यामुळे साधा फोन त्यांच्या काही कामाचा नव्हता.

पण दुपारचा कॉल चुकायचा नाही. बाबांची बहीण, म्हणजे तिची आत्या, दुसऱ्या गावात लेकासुनेकडे राहायची. बाबांपेक्षा बरीच मोठी. दुपारची जेवणं उरकली, घरातली माणसं कामाला गेलेली असली की ती व्हिडिओ कॉल लावायची. मग भिंतीपलीकडे गोंधळ सुरू व्हायचा.

"अक्का, फोन खाली धर! नुसतं कपाळ दिसतंय तुझं!"

"तुझं तरी काय दिसतंय? नाकपुड्या!"

तेवढं झालं की दोघं बराच वेळ बोलत बसायची. आत्याचा आवाज मोठा, बाबांचा त्याहून मोठा. मीटिंगमध्ये कोणीतरी विचारायचं, "तुमच्याकडे भांडण चाललंय का?" मग ती माइक बंद करून दात-ओठ खायची.

तेव्हा दवाखान्यांसाठीच्या एका सॉफ्टवेअरचं टेस्टिंग चाललं होतं. ज्या मशीनवर ते चालायचं ते ऑफिसातल्या कुलूपबंद खोलीत. घरून तिथवर पोचायचं तर व्हीपीएन लागायचं, म्हणजे घरचा लॅपटॉप ते ऑफिस असा इंटरनेटमधून काढलेला बंदिस्त रस्ता. तो जोडला की खिडकीशी बसून ऑफिसातलं मशीन हाताळता यायचं. ती सकाळी सगळ्यांच्या आधी लॉगइन करायची आणि मोठी टेस्ट लावून द्यायची. ती टेस्ट पार दुपार संपेपर्यंत चालायची. मध्येच रस्ता तुटला की टेस्ट मेली. पुन्हा पहिल्यापासून.

आणि तो तुटायला लागला. रोज दुपारी, बरोबर आत्याचा कॉल रंगात आला की स्क्रीन थिजायचा, माऊस हलायचा नाही आणि मग पाटी यायची, कनेक्शन तुटलं. थोड्या वेळाने जोडलं जायचं, पण हातातोंडाशी आलेला घास गेलेला असायचा.

तिने नेटवर्क सांभाळणाऱ्याला फोन लावला. त्याला सगळे वायरमन म्हणत, जरी त्याने आयुष्यात वायरीपेक्षा कीबोर्डच जास्त हाताळला होता.

"राउटर बंद करून चालू केला का?"

"तीनदा."

"वायफायऐवजी केबल लावून बघा."

"लावली. तेच होतंय."

"बाकी कोणाची तक्रार नाही हो. घरात अजून कोणी नेट वापरतं का त्या वेळी? व्हिडिओ वगैरे?"

भिंतीपलीकडून बाबांचं खो खो हसणं ऐकू येत होतं.

"हां," ती म्हणाली, "वापरतात."

"मग झालं तर."

टीमलीडने त्याच दिवशी सुनावलं होतं की टेस्टिंग तुमच्यामुळे अडलंय. ती उठली ती थेट बाहेरच्या खोलीत गेली. कॉल नुकताच संपला होता आणि बाबा चष्म्याच्या काचा पुसत होते.

"बाबा, उद्यापासून दुपारी आत्याशी व्हिडिओवर बोलू नका."

"का गं?"

"माझं ऑफिसचं कनेक्शन तुटतं त्याने."

"आमच्या बोलण्याने?" बाबांना ते काही झेपेना. "मग सकाळी बोलतो."

"सकाळी तर मीटिंगांवर मीटिंगा असतात माझ्या. संध्याकाळी बोला."

"संध्याकाळी तिच्याकडे सगळे घरी असतात. टीव्ही मोठ्याने, पोरांचा दंगा. तिला मोकळं बोलता येत नाही."

"मग थोडे दिवस नका बोलू. हे सॉफ्टवेअर रिलीज होईपर्यंत. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे, बाबा."

शेवटचं वाक्य जरा वाढवूनच होतं. पण त्याने काम झालं. बाबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "बरं. तुझं काम आधी." दुसऱ्या दिवशी त्यांनी एकदाच कॉल लावला आणि बहिणीला सांगितलं, "अक्का, लेकीचं काम अडतंय. तिचं झालं की मीच लावतो." मग फोन बंद करून तो त्यांनी टीव्हीशेजारी पालथा ठेवला.

त्या आठवड्यात कनेक्शन एकदाही तुटलं नाही. तिचा जीव भांड्यात पडला. तिने वायरमनला कळवलं, टीमलीडला कळवलं, सगळ्यांना हायसं वाटलं.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी स्क्रीन पुन्हा थिजला.

ती सवयीने चिडून उठली आणि दारापर्यंत गेली. बाबा खुर्चीत झोपले होते. फोन टीव्हीशेजारी तसाच पालथा, बंद. ती दारातच उभी राहिली. टेस्टरला यापुढे काही सांगावं लागत नाही. कावळा उठला होता तरी फांदी मोडली होती.

खरं तर तेव्हाच बाबांना हलवून उठवायचं आणि म्हणायचं, "तुमच्यामुळे नव्हतं हो ते. लावा कॉल." एवढंच. पण तिने तसं केलं नाही. कारण घर शांत होतं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिला मीटिंगमध्ये कोणी भांडणाचं विचारलं नव्हतं. सुंठीवाचून खोकला गेला होता आणि तो परत बोलावून आणावा असं तिला वाटेना. उद्या सांगू, ती मनाशी म्हणाली.

उद्या सांगितलं नाही. परवाही नाही. कनेक्शन रोज तुटत राहिलं. ती वायरमनशी हुज्जत घालत राहिली. "आजही गेलं," ती फोनवर ओरडायची आणि दुपारची टेस्ट लहान लहान तुकड्यांत चालवून वेळ निभावून न्यायची.

बाबा मात्र गुळणी धरल्यासारखे बसलेले असायचे. तोच पेपर दोनदा वाचायचे. एकदा चहा देताना त्यांनी विचारलं, "झालं का गं तुझं ते रिलीज?"

ते आदल्याच दिवशी झालं होतं. ऑफिसात टाळ्यासुद्धा वाजल्या होत्या.

"पुढचं आहे अजून," ती म्हणाली. बाबांनी मान हलवली आणि बशी उचलून नेली.

आतेभावाच्या बायकोचा फोन आला तेव्हा ती टेबलाशीच होती. आत्या मोरीत पडली होती. आधी पडली की आधी झटका आला, कोणालाच माहीत नव्हतं. जीव वाचला होता, पण उजवी बाजू गेली होती. आणि वाचा गेली होती.

दोघं पहिल्या बसने निघाली. दवाखान्यातल्या पलंगावर आत्या उशांना टेकून बसवलेली होती. भावाला बघून तिच्या घशातून काहीतरी निघालं. शब्द नव्हता तो. बाबा वाकून तिच्या ओठांकडे बघत राहिले, जसे स्क्रीनवर बघायचे.

"काय, अक्का? पुन्हा बोल. बोल ना."

तिने पुन्हा तोच आवाज काढला. ओठांवर वाचता येण्यासारखं काही उमटलं नाही.

बाहेर व्हरांड्यात सून बाबांना म्हणाली, "मामा, दुपारी फोन हातात घेऊन बसायच्या हो रोज. मी म्हटलं, तुम्हीच लावा की. तर म्हणायच्या, त्याच्या लेकीचं काम संपलं की तो लावेल, उगाच पोरीला त्रास नको." आणि मग तिच्याकडे वळून तिने विचारलं, "झालं का ताई तुमचं काम?" त्यात टोमणा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

परतीच्या बसमध्ये बाबा आपणहून बोलायला लागले.

"आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. मला तिचा चेहराही आठवत नाही. घरात फोटो नव्हता. अक्काला सगळं आठवायचं, पण तिने कधी विषय काढू दिला नाही. म्हणायची, त्रास होतो. आता म्हातारपणी काय झालं कोणास ठाऊक, आपणहूनच सांगायला लागली. रोज दुपारी थोडं थोडं. आई कशी चालायची, कोणावर चिडायची, मला झोपवताना काय करायची."

त्या सगळ्या दुपारी ती भिंतीच्या अलीकडे बसून होती, कानांवर हेडफोन दाबून.

"आईच्या आजारपणापर्यंत आली होती सांगत सांगत. मी विचारलं, जाताना माझ्याबद्दल काही म्हणाली का आई? तर म्हणाली, सांगते सावकाश, घाई काय आहे."

बसमधल्या कोणाचं तरी मूल रडत होतं. बाबांना ते ऐकू येत नव्हतं.

त्यानंतर तिने ते कनेक्शन खऱ्या अर्थाने तपासायला घेतलं. दातांच्या डॉक्टरकडे जायचं म्हणून ती एकदा उशिरा लॉगइन झाली. त्या दुपारी काही तुटलं नाही. दुसऱ्या दिवशी मुद्दाम उशीर केला. तेव्हाही नाही. तिसऱ्या दिवशी नेहमीसारखी लवकर बसली आणि दुपारी रस्ता तुटला. तिने वायरमनला फोन केला आणि म्हणाली, "माझ्या घरात काही शोधू नका. ऑफिसच्या बाजूला कोण कधी आत येतं आणि कोण बाहेर फेकलं जातं, ते काढा."

त्याने काढलं. व्हीपीएनच्या रस्त्याने एका वेळी ठरावीक माणसंच ऑफिसच्या मशीनांशी जोडलेली राहू शकत होती. दुपारी कंपनीच्या दूरदेशीच्या शाखेतली माणसं कामाला लागली की जागा संपायच्या. संपल्या की सर्वांत आधी आलेल्याला बाहेर काढायचं, अशी कोणीतरी कधीकाळी सेटिंग करून ठेवली होती.

"आणि रोज सगळ्यांच्या आधी तुम्हीच येता ना," वायरमन ओशाळून म्हणाला, "म्हणून रोज तुमचीच पाळी."

"मधे एक आठवडा नीट चाललं होतं."

"तेव्हा त्यांच्या शाखेला सुट्टी होती."

दुरुस्ती करायला त्याला चहा निवायला लागतो तेवढा वेळ लागला. वरातीमागून घोडं. टीमलीडने मीटिंगमध्ये तिचं कौतुक केलं. "सासूबाईंनी अख्ख्या ऑफिसचा दोष काढला," असं कोणीतरी चक्क तोंडावर म्हणालं आणि सगळे हसले. तिने माइक बंद केला, कॅमेरा बंद केला आणि तशीच बसून राहिली.

मग ती बाहेर गेली. बाबांच्या समोर, त्यांना तिचे ओठ दिसतील अशी बसली आणि सगळं सांगितलं. दोष ऑफिसचा होता हे सांगितलं. आणि कॉलमुळे तुटत नव्हतं एवढं तिला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं, तरी ती गप्प राहिली, हेही.

"ठाऊक होतं मला," बाबा म्हणाले.

"काय?"

"तू त्या माणसावर ओरडायचीस, आजही गेलं, आजही गेलं. तुझं ओरडणं मला अजून ऐकू येतं. माझा फोन तर बंद होता. मग कशाने जात होतं?"

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

बाबांनी जरा विचार केला. "घर शांत झाल्यावर तुझा चेहरा उतरलेला नसायचा. बरी दिसायचीस. म्हटलं, राहू दे थोडे दिवस. सांगेल ती आपणहून."

ते रागावले असते तर तिला पाय धरता आले असते. ते रागावले नाहीत. चपला घालून जिना उतरून फिरायला गेले, आणि ती बाहेरच्या खोलीत एकटी बसून राहिली.

आत्याला घरी आणल्यावर तिने स्वतः कॉल लावून दिला. भावाचा चेहरा दिसताच आत्याचं वाकडं झालेलं तोंड थरथरलं आणि ती रडायला लागली. बाबांनी कॉल बंद केला. "नको," ते म्हणाले, "तिला दम लागतो." परत त्यांनी फोन लावू दिला नाही.

आता ती अधूनमधून रजा काढते आणि दोघं बसने आत्याकडे जातात. बाबा पलंगाशी खुर्ची ओढून बसतात. आत्या तोच एक आवाज पुन्हा पुन्हा काढते, कधी हळू, कधी चिडून, डाव्या हाताने त्यांची बाही ओढत. बाबा तिच्या ओठांवरची नजर काढत नाहीत. "हो, हो," म्हणत राहतात.

मागच्या खेपेला निघताना तिने जिन्यात विचारलं, "आज बराच वेळ बोलत होती आत्या. काय म्हणत होती?"

बाबा कठड्याला धरून एक पायरी उतरले.

"कळलं नाही," ते म्हणाले.